तिसऱ्या भागाची वाट

नव्या पुस्तकाचा शाईचा आणि डिंकाचा वास आला की मला रिठदचा बसथांबा आठवतो. घर सोडून पळालेल्या एका मुलीच्या कादंबरीचे दोन भाग मैत्रिणीनं आणि मी अकरावीत वाचले होते. तिसरा येणार म्हणून आम्ही वाशीमच्या दुकानात सारख्या खेपा घालायचो. "आला काय वो काका?" ती दारातूनच ओरडायची. पुस्तक आलं, तेव्हा बारावी अर्धवट सोडून तिचं रिठदला लग्न झालं होतं. मी एसटीनं ते घेऊन गेले. मळणी चालू होती, तिच्या केसांत सोयाबीनचं कुटार अडकलं होतं. तिनं पुस्तक उघडून नाकाशी धरलं आणि लगेच परत दिलं. "घरात दिसलं त चुलीत जाईल. तुनं वाचलं ना? मंग तूच सांग मले." थांब्यापर्यंत चालताना मी भरभर सांगू लागले, गोष्ट अर्ध्यावर आली आणि बस आली. "बाकीचं पुढच्या खेपेले सांगजो," ती म्हणाली. पुढच्या पावसाळ्यात पहिल्या बाळंतपणात ती गेली. तिच्या माहेरी भेटायला गेले तर तिची आई भिंतीला टेकून बसली होती. "सासरचे फोन हाती देत नोयते तिच्या. इथं आली का पुस्तकातल्या त्या पोरीचं पुढं काय झालं, हे मलेच इचारत राहे. मले काय मालूम, बाई?" यंदा कुमारांसाठी कोणत्या नव्या कादंबऱ्या येणार, हे मी आजही आतुरतेनं शोधते. आल्या की मागवते आणि एकटीच वाचते.