चांदणीचा उजवा पाय

कमलताई पावसकर माणसांशी बोलत नाहीत, हे आमच्या दवाखान्यात कुणीही सांगेल. परळच्या या जनावरांच्या दवाखान्यात त्या सोनोग्राफी करतात. मी इथे डॉक्टर म्हणून लागले तेव्हा मला वाटायचं, बाईंचं माझ्याशी काहीतरी वाकडं आहे. मग कळलं, वाकडं कुणाशीच नाही, बोलायची सवयच मोडलीय. वडिलांची गिरणी बंद पडल्यावर दोन्ही भावांना त्यांनीच शिकवलं, त्यांची लग्नं लावून दिली आणि स्वतःचं राहून गेलं. भाऊ आता बदलापूरला असतात. भाऊबीजेला येतात, जेवतात आणि चहाच्या आत निघतात. आई गेल्यापासून भोईवाड्यातल्या खोलीत ताई एकट्याच.

गेल्या दिवाळीनंतर बुधाजी वडाळ्याहून चांदणीला घेऊन आला. त्याची वरातीची घोडी, पांढरीशुभ्र आणि महा नखरेल. वरातीत नाचता नाचता उजव्या पुढच्या पायाने लंगडायला लागली होती. ताईंनी खुराच्या वरच्या कडेचे केस भादरले, जेल लावलं आणि सोनोग्राफीच्या यंत्राचा प्रोब टेकवला. चांगलं लिगामेंट पडद्यावर पांढऱ्या रेघांचं दिसतं, घट्ट वळलेल्या सुंभासारखं. इथे मधोमध काळं भोक होतं. हाडाला हाड बांधून ठेवणारा तो दोर फाटला होता.

यावर मुख्य औषध विश्रांती. पाच-सहा महिने अरुंद जागेत एकटीने उभं राहायचं. बुधाजीकडे तशी जागा नव्हती, म्हणून घोडी आमच्याच तबेल्यात राहिली.

आणि कमलताईंना वाचा फुटली. दुपारी डबा घेऊन त्या चांदणीपाशी जाऊन बसायच्या. डब्यात एक चपाती जास्तीची, गूळ लावलेली. "खा गो बाय. आज नळाक पाणीच येवक नाय," इथपासून धाकट्या भावजयीच्या तोऱ्यापर्यंत सगळं घोडीच्या कानावर जायचं.

"ताई, आम्हालाही सांगा की काहीतरी," मी एकदा चिडवलं. त्या ओढणी सारखी करून कामाला लागल्या.

मे महिन्यात शेवटची सोनोग्राफी ठरली. लिगामेंट भरलं असेल तर घोडी घरी जाणार होती. बुधाजी लगाम धरून उभा होता. "हिच्याबिगर तबेला खायला उठतो, मॅडम," तो म्हणाला. ताई खाली बसून प्रोब फिरवत होत्या, मान वर न करता.

मी पडद्याकडे बघत होते. रेघा पांढऱ्या, छान भरलेल्या. तेवढ्यात मधोमध काळा डाग उमटला. मग लक्ष ताईंच्या हाताकडे गेलं. प्रोब किंचित तिरका होता. प्रोब तिरका धरला की धडधाकट लिगामेंटही काळं दिसतं, हे नव्या मुलांना ताईच शिकवतात. त्यांचा हात असा चुकत नाही. आता नुसतं बटण दाबून ते चित्र साठवलं असतं, तर घोडी आणखी दोन महिने इथेच राहिली असती. मला सगळं कळलं.

चांदणीने मान खाली घालून ताईंच्या पाठीला नाक घासलं. ताईंनी मोकळ्या हाताने ते नाक थोपटलं. मग त्यांनी प्रोब सरळ केला आणि डाग गेला.

"भरलंय, मॅडम. नेऊ दे त्याला."

"अजून महिनाभर ठेवू या का? खात्रीसाठी?" मी विचारलं.

"कशाला? बरी झालीय ती. बऱ्या जनावराला डांबून ठेवू नये."

चांदणी फाटकातून ऐटीत बाहेर पडली. वळूनसुद्धा बघितलं नाही तिने. ताई सोनोग्राफीच्या खोलीत प्रोबवरचं जेल पुसत होत्या, आणि पुसून झाल्यावरही बराच वेळ पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या त्याच खोलीत एकट्या जेवत होत्या. मी माझा डबा घेऊन समोर बसले. त्यांच्या डब्याच्या झाकणात गुळाची चपाती होती.

"सवयीने लाटली गेली," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"मला द्या ती."

त्यांनी दिली. मी खाल्ली. गूळ भलताच जास्त होता. त्या माझ्याकडे बघत होत्या, मी संपवेपर्यंत.

मग हळूच म्हणाल्या, "आज नळाक पाणीच येवक नाय."