तुराट्यांची पेंढी

वीस वर्षांचा होईपर्यंत मी समुद्र पाहिला नव्हता, आणि शिकायला गेलो ते नेमकं समुद्रात बांधकाम कसं करायचं ते! कोपरगावच्या बाजूचं आमचं गाव पोट धरून हसलं. "इथं पाटाला पानी न्हाई, अन् हे निगालं दर्या बांधायला," असं पारावरची मंडळी माझ्या तोंडावर म्हणायची. बाहत्तरच्या दुष्काळाआधीचं ते वर्ष.

किनाऱ्यावरच्या विद्यापीठात काचेच्या भिंतींची एक लांबलचक टाकी होती. एका टोकाला फळी हलवून लाटा उठवायच्या आणि मध्ये ठेवलेल्या बंदराच्या धक्क्याच्या छोट्या नमुन्यावर त्या किती जोराने आदळतात ते मोजायचं, हे माझं काम. पण लाट नमुना ओलांडून मागच्या भिंतीवर आपटायची, परत फिरायची आणि नव्या लाटेत मिसळायची. आकडे रोज वेगळे. मी मागे वाळूच्या पोत्यांचा बांध रचला. पाणी दिसलं की बांध घालायचा, उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला दुसरं काय सुचणार? लाट आणखीच चेकाळून परतली. टाकी ज्यांच्या ताब्यात होती ते सर म्हणाले, "दिवाळीनंतर आकडे जुळले नाहीत, तर टाकी दुसऱ्याला देईन."

तोंड पाडूनच मी सुट्टीला घरी आलो. आई उसाला दारं धरत होती, म्हणजे खोऱ्याने एक सरी बंद करून पाणी दुसरीत सोडत होती. नुकतंच सुटलेलं पाटाचं पाणी जोरात येत होतं. सरीच्या तोंडाशी तिने गेल्या सालच्या तुरीच्या वाळक्या काड्यांची, तुराट्यांची पेंढी तिरपी लोळवून ठेवली होती. पाणी काड्यांत शिरायचं आणि पलीकडे गरीब गाईसारखं निघायचं.

"बांध का नाही घालत?" मी विचारलं.

"बांधाला पानी डोकं मारतं, बाबा. काड्यांत शिरलं की त्येचा राग निवतो. एवढं शिकलास, अन् हे ठावं न्हाई व्हय?"

मी पोतंभर तुराट्या घेऊन परतलो. पहिल्या दिवशी पोत्यांच्या जागी पेंढ्या लोळवल्या, पण त्यांच्यावर दगड ठेवायचं विसरलो. फळी हलताच सगळ्या काड्या टाकीभर तरंगल्या आणि सरांनी माझी अशी हजेरी घेतली की बोलायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी दगड ठेवले. लाट पेंढ्यांत शिरली आणि जवळजवळ तिथंच जिरली!

"वा रे पठ्ठ्या! कुठून सुचलं हे?" सरांनी विचारलं.

"असंच... डोक्यात आलं," मी म्हणालो. मेल्या जिभेला हाड कुठं असतं?

त्या हिवाळ्यात मी संक्रांतीला घरी आलो होतो. सर शिर्डीला आले होते, तिथून अचानक आमच्या शेतावर हजर. आई पदर खोचून, चिखलात उभी राहून दारं धरत होती. सरांची नजर सरीच्या तोंडाशी गेली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता मी चोर ठरणार, टाकीही जाणार.

"ताई, ही युक्ती कोणाची?"

आईने एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिला तेवढं पुरलं.

"त्येचीच की, सायेब. गेल्या खेपंला मला शिकवून गेला. आमा अडान्याला कुठलं सुचतंय?"

माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही. "सर, खोटं बोलतेय ती. माझ्या जन्माआधीपासून ती अशीच पेंढी लावते. खोटा मी आहे."

"गप रं!" आई माझ्यावर खेकसली.

सरांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते सरीत उतरले. "ताई, आमची लाट अजून थोडी परत येते. पेंढी किती तिरपी ठेवायची, ते मला दाखवा."

आई लगेच वाकली नाही. आधी तिने माझ्याकडे पाहिलं. सांगू का, असं विचारत होती ती मला! मी मान हलवली, तेव्हा कुठे तिने सरांच्या हातात पेंढी दिली.

"आनखी खाली लोळवा, सायेब. हां, अशी."

परत गेल्यावर आम्ही टाकीतल्या पेंढ्या तेवढ्याच लोळवल्या. आकडे जुळले. ती युक्ती कोणाची, हे मी अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिलं. पण आईने माझी परवानगी मागितली होती, ते काही त्याने फिटलं नाही.