नानाजींच्या तुपाच्या बैठका

वामन नानाजींच्या ओट्यासमोर पालथा पडला होता आणि दोन माणसे त्याची मांडी मागून कोपराने रगडत होती. तो दात आवळून सोसत होता.

"थांबवा हे," मी म्हणालो.

"सैल होऊन राह्यलं मास्तर," नानाजी म्हणाले. माणसे रगडत राहिली.

दुसऱ्या दिवशी हिंगणघाटला सामना होता. आमचा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मी हायस्कुलात ड्रिल मास्तर, आणि हेडमास्तरांच्या हुकमाने वडनेरच्या कबड्डी टीमला शिकवत होतो. नानाजी गावचे किराणा दुकानदार आणि टीमचे सर्वेसर्वा. वामन आमचा चढाईचा गडी. सामना पाहायला मिलचा मॅनेजर येणार होता. खेळ पसंत पडला तर वामनला मिलमध्ये नोकरी होती, आणि त्या नोकरीवर त्याचे लग्न अडले होते.

मी त्याला उताणे केले आणि पाय सरळ वर उचलला. अर्ध्यावरच तो कळवळला. मांडी पुढून फुगलेली, मागून आखडलेली.

कारण मला ठाऊक होते. गावातली घरे पाळीपाळीने वामनला तूप द्यायची. ज्या घरचे तूप, त्या घरासमोर त्याने संध्याकाळी बैठका काढायच्या आणि घरच्यांनी ओट्यावर बसून मोजायच्या, असा रिवाज. सामन्याच्या आदल्या दिवशी दुप्पट. आजचे तूप खुद्द नानाजींचे होते.

मी पुन्हा समजावले. स्नायू फक्त ओढतो, ढकलत नाही. म्हणून सांध्याला दोन्ही बाजूंनी स्नायू लागतात. धावताना मांडीचा पुढचा स्नायू नडगी पुढे फेकतो, मागचा तिला आवरतो. बैठकांनी पुढचा दांडगा होतो, मागचा तेवढा होत नाही. त्यात तो दमलेला असला, तर चढाईवरून पळत परतताना फाटतो.

"म्हणजे गाडी उताराले अन् मागून धरणारा नाई," नानाजी म्हणाले.

"अगदी बरोबर."

"समजलं. मंग बैठका झाल्या का झोपू देतो त्याले."

हेच मी सराव सुरू झाल्यापासून सोसत होतो. प्रत्येकाला पटायचे आणि प्रत्येक जण तेच करायचा.

"नानाजी, आज एकही बैठक नाही."

"काऊन? तूप खाल्लं न त्यानं? साऱ्याइच्या दारी काढल्या, आपल्याच दारी नाई, असं बायको म्हणन न."

"तुपाचे पैसे मी देतो."

"तूप काय इकलं का आमी? बैठका पडल्या पायजे, बस. कोणीबी काढा. तुमी काढता का?"

ओट्यावरची मंडळी हसली. मी कोट काढून वामनच्या हातात दिला.

माझी चाळिशी उलटलेली, आणि शाळेत मी मुख्यतः शिट्टी वाजवीत असे. नानाजींच्या पत्नी मोठ्याने मोजत होत्या. एकदा मी अर्धवट बसलो, तर ती बैठक त्यांनी धरली नाही.

"मास्तर, पुरं बसा. आमचं तूप पुरं होतं."

वामन लवकर झोपला. दुसऱ्या दिवशी पाय जपून, पण मोकळा खेळला. शेवटच्या चढाईत एकाने घोटा धरला असताना तो रेषेपर्यंत पोचला. लोक उभे राहिले. मी बसून होतो. सवय नसलेले काम केले की स्नायू दुसऱ्या दिवशी दुखतो, हे मी मुलांना शिकवीत असे.

मॅनेजरने वामनचे नाव लिहून घेतले आणि विचारले, "तयारी कशी केली?"

"डबल बैठका, साहेब," नानाजी म्हणाले. "कालच काढल्या."

कोणी, ते सांगितले नाही.

वामन मिलमध्ये लागला. पुढच्या हंगामात चढाईला नवा गडी आला, आणि त्याच्या बैठका दारोदार सुरू झाल्या. सामन्याच्या आदल्या दिवशी नानाजींकडून माझ्या घरी तुपाचा गडवा आला. सोबत निरोप होता, "मास्तर, संध्याकाळी येजा."

स्नायूवर अचानक भार टाकू नये, आणि गावाला पटले म्हणून काम झाले असे धरू नये. त्या वर्षी मी महिनाभर आधीपासूनच घरी बैठका सुरू केल्या होत्या.