पाण्याच्या थेंबावरची फुली

मशीनमधून फट्ट असा आवाज झाला, जळक्या वार्निशचा वास सुटला आणि हॉलमधले सगळे हिराबाईकडे बघायला लागले. व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप तिच्या हातात होता. तिनं तो विंचू चावल्यासारखा खाली टाकला. मशीन येऊन तास झाला नव्हता. त्याच्यावरचं हळदकुंकू अजून ओलं होतं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नगरच्या एमआयडीसीत एका मध्यम आकाराच्या कंपनीत परचेस ऑफिसर होतो. परचेस ऑफिसर म्हणजे स्क्रूपासून कँटीनच्या साखरेपर्यंत सगळं विकत घेणारा माणूस. वस्तू चांगली निघाली तर त्याचं नाव कुणी घेत नाही, आणि वाईट निघाली तर दुसऱ्या कुणाचं घेत नाही.

आमच्याकडे रिले बनायचे. रिले म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच. त्याच्या आत धातूचे दोन ठिपके एकमेकांना टेकतात, त्यांना कॉन्टॅक्ट म्हणतात. त्या दोघांच्या मध्ये धुळीचा एक कण जाऊन बसला की वीज पुढं जात नाही आणि आख्खा रिले रिजेक्ट होतो. आता नगरची धूळ तुम्हाला माहीत असेल. उन्हाळ्यात शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरून वारा सुटला की खिडक्या बंद असूनही टेबलांवर पिठासारखा थर बसायचा. हिराबाई सकाळी केरसुणीनं हॉल झाडायची, मग ओल्या फडक्यानं पुसायची. झाडताना निम्मी धूळ वर उडायची आणि पुसून होईपर्यंत खाली यायची. यात तिची काही चूक नव्हती, केरसुणी तसंच काम करते.

एकदा पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर आला. तो खाली वाकला, फरशीवर बोट फिरवलं आणि मोठ्या साहेबांना म्हणाला, "इथं माझी सही करून जाऊ का?" मोठे साहेब म्हणजे आमचे मालक. ते नुकतेच परदेशातलं एक प्रदर्शन बघून आले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं.

"साळवे, तिकडं मी एक मशीन बघितलं. बुटकं, चाकं लावलेलं. माणूस नाही, काही नाही. आपलं आपणच हॉलभर फिरून झाडतंय आणि पुसतंय. भिंत आली की वळतंय."

"चांगलंय साहेब."

"त्यातलं स्वस्तातलं बघा."

मी बघितलं. म्हणजे पुण्याला दोन फोन केले. पहिला माणूस हसला आणि दुसऱ्यानं मला परत सगळं सांगायला लावलं, बहुधा शेजारच्याला ऐकवायचं असावं. स्वतः फिरणारं मशीन आपल्याकडं मिळत नव्हतं आणि मिळालं असतं तरी आमच्या बजेटमध्ये त्याचं एक चाक आलं असतं. मग माणसानं फिरवायची मशीन बघायला घेतली.

तीन कोटेशन आली. पहिलं मशीन पिंपाएवढं, धूळही ओढायचं आणि सांडलेलं पाणीही. दुसरं नुसतं घासायचं, खाली गोल ब्रश. तिसरं त्यातल्या त्यात स्वस्त. त्यात कापडी पिशवी होती आणि ते फक्त कोरडी धूळ ओढायचं. परचेसमध्ये आम्ही एक कागद करतो, त्याला कम्पॅरेटिव्ह म्हणतात. तिन्ही मालांची माहिती शेजारी शेजारी मांडायची आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. माझा कम्पॅरेटिव्ह मोठ्या साहेबांच्या टेबलावरून "अजून कमी करा" असं लिहून तीनदा परत आला होता. चौथ्या वेळी मी वैतागलो. तिसऱ्या मशीनपुढं शेरा लिहिला, 'योग्य'. 'फक्त कोरडं' हे दोन शब्द लिहायचे होते, ते मी लिहिले नाहीत. विसरलो नव्हतो. लिहिले असते तर साहेबांनी विचारलं असतं, मग पुसायचं काय, आणि कागद पाचव्यांदा परत आला असता. मी मनाशी म्हटलं, पुसायला हिराबाई आहेच की.

मशीन आलं. मॅन्युअल आणि वॉरंटी कार्ड मी लगेच कपाटात ठेवून कुलूप लावलं. ही आमच्या खात्याची जुनी पद्धत. मॅन्युअल शॉपवर, म्हणजे कामाच्या हॉलमध्ये, गेलं की त्यावर चहाचे कप ठेवले जातात, म्हणून नव्या मशीनचे कागद परचेसच्या कपाटात आणि मशीन शॉपवर. ज्याला ते चालवायचं त्यानं कागद कधी बघायचे हा प्रश्न इतक्या वर्षांत कुणालाच पडला नव्हता, मलाही नाही.

नवं मशीन आलं की आमच्याकडे नारळ फुटायचा. लेथ असो की झेरॉक्स, मोठे साहेब स्वतः फोडायचे. मी बौद्ध. आमच्या घरी नारळ फुटत नाही. कंपनीतल्या पूजेला मी मागं उभा राहायचो, पेढा घ्यायचो आणि टेबलावर परत यायचो. मला पुढं ये असं कुणी म्हणायचं नाही आणि मीही काही बोलायचो नाही. सगळ्यांचं बरं चाललं होतं.

त्या दिवशी साहेबांचा उत्साह जरा जास्त होता. नारळ त्यांनी मशीनशेजारी थेट कोटा फरशीवर आपटला. तो मोठा निघाला. पाणी पसरलं आणि असेंब्लीच्या टेबलांकडे वाहायला लागलं. हिराबाई फडकं घेऊन पुढं झाली.

"फडकं कशाला?" साहेब म्हणाले. "मशीन कशासाठी आणलंय? चालवा. मुहूर्तच होऊन जाऊ दे."

हिराबाईनं पाइप उचलला आणि थांबली. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "सायेब, पान्यावर चालतंय ना ह्ये?"

मी मागच्या रांगेत होतो. माझं तोंड उघडलं होतं, हे मला नक्की आठवतं. तेवढ्यात साहेब म्हणाले, "अहो, चालवा की! त्यांना काय विचारता?" सगळे हसले. मी तोंड मिटलं.

पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होतो की पूजेत आपण बोलत नाही, म्हणून बोललो नाही. ते खोटं आहे. बोललो असतो तर त्या कम्पॅरेटिव्हवरचा शेरा सगळ्यांसमोर उघडा पडला असता. म्हणून बोललो नाही.

पुढं काय झालं ते सांगितलंच आहे. पाणी पिशवीतून थेट मोटारीत गेलं. आमचा इलेक्ट्रिशियन धावत आला, प्लग काढला आणि हिराबाईला म्हणाला, "मावशी, पाइप प्लॅस्टिकचा होता म्हणून वाचलात." हिराबाईनं फडकं उचललं, उरलेलं पाणी टिपलं आणि नारळाची भकलं ताटात ठेवली.

हिराबाई मूळची जामखेडकडची. नवरा वारल्यावर नगरला भावाकडे आली आणि आमच्याकडे सफाईला लागली. ती टेम्पररी होती. सलग ठरावीक दिवस भरले तर माणसाला कायम करावं लागतं, म्हणून आमची कंपनी मध्येच काही दिवस घरी बसवायची आणि परत बोलवायची. त्याला ब्रेक म्हणत. हिराबाईनं असे किती ब्रेक खाल्ले होते ते मी कधी मोजलं नव्हतं. पण त्या वर्षी सफाईतल्या एका जागेला मंजुरी मिळाली होती आणि यादीत तिचंच नाव होतं. फक्त एक अट होती, रेकॉर्डवर मेमो, म्हणजे लेखी ठपका, नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी पर्सोनेल ऑफिसर बोरा माझ्या टेबलाशी आले. हातात टाइप केलेला कागद.

"साळवे, इथं सही. मशीन चांगल्या स्थितीत आलं होतं, एवढंच."

मी कागद वाचला. वरच्या परिच्छेदात लिहिलं होतं की हिराबाई यांनी निष्काळजीपणाने यंत्र पाण्यात वापरून निकामी केले, सबब त्यांना मेमो देण्यात येत आहे. माझी सही खाली साक्षीदार म्हणून.

"बोरासाहेब, चालवायला तर मोठ्या साहेबांनी सांगितलं."

"मग काय मोठ्या साहेबांना मेमो देऊ?" बोरा वाईट माणूस नव्हते. त्यांनी खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला. "कागद कुणाच्या तरी नावानं बंद करावा लागतो. ती टेम्पररी आहे. पुढच्या वर्षी परत नाव घालू."

"जेवणानंतर देतो," मी म्हटलं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनला गेले. मी कपाट उघडून मॅन्युअल काढलं. तोपर्यंत मी ते उघडूनही बघितलं नव्हतं. दुसऱ्याच पानावर चित्र होतं. पाण्याचा एक थेंब आणि त्याच्यावर मोठी लाल फुली. अक्षर एकही नाही. हिराबाईला इंग्रजी येत नव्हतं, मराठीही ती सहीपुरतंच लिहायची. पण फुली तिला कळली असती. ते पान मी तिला न दाखवता कुलपात ठेवलं होतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि भीतीही वाटली, कारण पुढचं सगळं मला आता दिसत होतं. माझी इन्क्रिमेंट त्याच महिन्यात होती.

मी मॅन्युअल घेऊन मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी चित्र बघितलं, चष्मा काढला.

"म्हणजे मी चुकीचं सांगितलं असं म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही साहेब. मी तुम्हाला सांगितलं नाही, असं म्हणतोय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"कम्पॅरेटिव्हमध्ये का नाही लिहिलं?"

"लिहिलं असतं तर तुम्ही पास केलं नसतं."

"बरोबर. नसतंच केलं!" त्यांचा आवाज चढला. "आणि काल? काल तिनं तुम्हाला विचारलं. मी ऐकलं. तुम्ही गप्प का बसलात?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी मॅन्युअल मिटलं आणि माझ्याकडं सरकवलं. मग म्हणाले, "मेमो कुणाच्या नावानं काढू?"

"माझ्या."

"टाइप करायला सांगा बोरांना," ते म्हणाले. आणि मी दाराशी पोचल्यावर, "साळवे, त्या बाईला करंट बसला असता तर?"

"तोच विचार करतोय साहेब, कालपासून."

मेमो मला मिळाला. इन्क्रिमेंट वर्षभर थांबली. जळलेली मोटार बाजारातल्या एका वाइंडरनं नव्या तारा गुंडाळून भरून दिली आणि ते मशीन ऑफिसच्या सतरंज्यांना लावलं. तिथं पाणी नसल्यामुळं ते पुढं बरीच वर्षं टिकलं. हॉलसाठी परत कोटेशन मागवली. या वेळी मी रेप्रेझेंटेटिव्हला कॉन्फरन्स रूममध्ये बसवलंच नाही, सरळ हॉलमध्ये आणलं आणि हिराबाईला बोलावलं. त्या टायवाल्या मुलानं खिशातून टाल्कम पावडरचा डबा काढला, ती फरशीवर शिंपडायची आणि ओढून दाखवायची हा त्यांचा नेहमीचा खेळ. हिराबाईनं त्याला बाजूला केलं आणि आख्खी बादली फरशीवर ओतली.

"मावशी, आधी पावडर!"

"आदी पानी," हिराबाई म्हणाली. "पावडर मंग बघू."

मशीननं पाणी ओढलं. मग तिनं पिशवी कशी झाडायची, टाकी कोण उचलणार, वायर टेबलांच्या पलीकडं पुरते का, असं एकेक विचारलं. यातलं काहीही माझ्या रकान्यांत नव्हतं. मी तिच्या शेजारी उभा राहून लिहून घेतलं. 'योग्य' हा शब्द मी त्यानंतर कुठल्याच कागदावर लिहिला नाही. योग्य कशाला, ते लिहायला लागलो. आणि मॅन्युअल पिशवीत घालून मशीनलाच बांधायला लावलं. त्यावर चहाचे डाग पडले, पण पडू देत.

दोन महिन्यांनी हिराबाई माझ्या टेबलाशी आली. पदराखालून पाकीट काढलं. "वाचून दावा."

मी वाचलं. सफाई कामगार म्हणून कायम नेमणूक, अमुक तारखेपासून. तिनं परत वाचायला लावलं. मी परत वाचलं.

"तवाच बोलायचं हुतं तुमी," ती म्हणाली. "मी इचारलं हुतं तुमास्नी."

"हो. चुकलं माझं."

"मला ठाव हाय. बोरासायेबांनी सांगितलं समदं." तिनं पाकीट घडी घालून कमरेला खोचलं. "तुमचं काय झालं मंग?"

"इन्क्रिमेंट थांबली. एक वर्ष."

"येकच व्हय?" ती म्हणाली. "माझी सात वर्सं थांबली हुती, ब्रेकापायी."

टोमणा नव्हता तो, तिनं नुसता हिशोब सांगितला. मग ती बादली उचलून कामाला गेली. त्या एका वर्षाचं रडगाणं मी नंतर कुणापुढंही गायलं नाही, घरीसुद्धा नाही.