तीन रात्रींचा नीलम

जालन्याच्या सराफ्यात आमचं खड्यांचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर आणि मधे एक जाडाभरडा पडदा. ऐंशीच्या दशकात मी कॉलेजात होते आणि सुट्टीत बाबांजवळ बसून खडे पारखायला शिकत होते. "पोरीला हे कशाला?" असं एखाद्या गिऱ्हाइकानं विचारलं, की बाबा मुद्दाम माझ्याच हातून पुडी उघडायला लावत.

"नीलम आन नवरदेव, दोन्ही दिव्याच्या उजेडात पसंत करू न्हाई," हा त्यांचा पहिला धडा. खडा सकाळी, उत्तरेच्या खिडकीशी धरायचा. रंग जवसाच्या फुलाचा हवा. फार गडद झाला की काळा दिसतो, फिका झाला की पाणी. मग भिंग. आत रेशमासारख्या बारीक सुया दिसल्या, रंगाचे पट्टे सरळ असले, तर खडा जमिनीतला. रेघा वाकलेल्या आणि बुडबुडे असले तर भट्टीत बनवलेला. आत काहीच दिसलं नाही तर बाबा जास्तच सावध होत. "इतकं निर्मळ कोणी नसतंय," म्हणत. काश्मीरचा नीलम सगळ्यांत मानाचा, पण तो त्यांनी आयुष्यात दोनदाच पाहिला होता. आमच्याकडे येई तो सिलोनी. लाल माणिक आणि निळा नीलम एकाच जातीचे, सख्ख्या भावांसारखे, हे ऐकून मला फार गंमत वाटली होती.

गिऱ्हाइकांना मात्र यातल्या कशाशीच देणंघेणं नसे. नीलम शनीचा, लाभला तर तारतो, नाहीतर मारतो, एवढंच त्यांना ठाऊक. म्हणून तो कोणी सरळ विकत घेत नसे. जांगडवर न्यायचा, म्हणजे पसंत पडला तरच पैसे. निळ्या फडक्यात बांधून तीन रात्री उशाखाली ठेवायचा आणि चौथ्या दिवशी दुकानात येऊन काय काय स्वप्नं पडली ते सांगायचं. भरलेली नदी, पांढरी गाय, फुललेलं शेत दिसलं तर नीलम लाभला. भोकरदनचा एक किराणावाला आमचा सगळ्यांत देखणा नीलम परत घेऊन आला.

"सपनात मेव्हणा आल्ता," तो म्हणाला, "आन मुक्कामालाच राह्यला."

टेंभुर्णीच्या एका बाईनं तोच खडा परत केला, कारण दुसऱ्याच दिवशी म्हशीनं तिला लाथ मारली. अशी माणसं गेली की बाबा हसत. "शनीला काय दुसरं काम न्हाई का?" म्हणत. धंदा त्यावरच चालायचा, तरी त्यांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

त्याच वर्षी आईच्या पोटात गाठ निघाली. औरंगाबादला ऑपरेशन ठरलं. गाठ कसली आहे ते पोट उघडल्यावरच कळेल, असं डॉक्टर म्हणाले. जायला आठवडा होता. एका शनिवारी मी तिची चादर बदलायला गेले तर उशाखाली निळं फडकं, आणि आत तोच, किराणावाल्याचा आणि म्हशीवालीचा नीलम.

मला संताप आला. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," असं मी बाबांना तोंडावर म्हटलं. ते चिडले नाहीत. हातातलं भिंग नुसतंच पुसत राहिले.

"डॉक्टरपण खात्री देऊन न्हाई राह्यले," ते म्हणाले. "मंग मी काय करू?"

तीन सकाळी मी पाहिलं. चहा घेताना बाबा सहज विचारल्यासारखं विचारत, "झोप लागली का? काही दिसलं?" आणि आई सांगे. पहिल्या दिवशी तिला पांढरी गाय दिसली. दुसऱ्या दिवशी तिच्या माहेरचं हरभऱ्याचं शेत. तिसऱ्या दिवशी घनसावंगीकडची गंगा, म्हणजे आमची गोदावरी, दुथडी भरून वाहणारी. बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी त्याच दिवशी सोनारासमोर बसून त्या खड्याची अंगठी करून घेतली.

दवाखान्यात नर्सनं ती उतरवायला लावली. आईनं ती माझ्या मुठीत दिली.

"तिन्ही रात्री डोळ्याला डोळा न्हाई लागला, माय," ती म्हणाली. "लई दुखून राह्यलं होतं. पडद्याआडून इतकी वर्सं लोकायची सपनं ऐकली, तीन जोडायला काय लागतंय? पण तुझ्या बाबाला बोलू नको. त्यायला तेवढाच धीर."

गाठ साधी निघाली. आई घरी आली, खडखडीत बरी झाली. साऱ्या सराफ्यात नीलम लाभल्याची बातमी पसरली आणि तोच खडा मागायला माणसं येऊ लागली. बाबांनी कुणालाच दिला नाही.

पुढं माझं लग्न झालं. नव्वदच्या दशकात एकदा दिवाळीला माहेरी आले, तेव्हा असंच एक गिऱ्हाईक मोठी रक्कम बोलून रिकाम्या हातानं गेलं. मी बाबांना चिडवलं, "आता तुमचापण विश्वास बसला म्हणायचा. लाभलेला नग कोण विकेल?"

"लाभला कुठं?" बाबा हळूच म्हणाले. "तिला झोपच न्हाई लागली. तिची कूस बदलायची ऐकत मी तिन्ही रात्री बाजूला जागाच होतो."

त्या शनिवारी त्यांना जे बोलले होते त्याची मला लाज वाटली.

"मंग अंगठी कशाला केली?" मी विचारलं.

"इतकं दुखत असून माझ्यासाठी तिनं भरलेली गंगा सांगितली," बाबा म्हणाले. "मी अंगठी केली नसती, तर तिला वाटलं असतं, मला धीर द्यायला आपण कमी पडलो."