डेअरीतला कॉम्प्युटर हसला तेव्हा

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितोय.

पालीच्या दूध डेअरीसाठी मी एक प्रोग्राम लिहिलाय. सभासदाचा नंबर चुकला की कॉम्प्युटर आवाज करतो. आवाज कुठला, ते वापरणाऱ्याने ठरवायचं. त्याने विंडोजमध्ये जो निवडलाय, तोच माझा प्रोग्राम वाजवतो. या सोयीचं मला लई कौतुक होतं.

आज डेअरीत गेलो. तिथे नंबर टाकणाऱ्या संतोषने पहाटेची झोप उडावी म्हणून खदाखदा हसण्याचा आवाज लावून ठेवलेला. दूध घालायला आलेल्या यमुनाकाकूंनी किटली पुढे केली, संतोषने नंबर चुकीचा दाबला आणि स्पीकर हसला. मागची अख्खी रांगही हसली.

काकूंचा चेहरा उतरला. रांगेकडे वळून म्हणाल्या, "माज्या दुदात पानी न्हाई!"

मी घाईघाईने सांगितलं, "काकू, दुधाचं काही नाही. संतोषकडून नंबर चुकला."

"चुकला त्यो, मंग ह्ये मला का हसलं?"

संतोषने स्पीकरची वायरच उपटली. पण काकू दूध न घालताच किटली उचलून निघून गेल्या.

घरी आल्यापासून तीनदा प्रोग्राम उघडला, तीनदा बंद केला. वापरणाऱ्याची आवड मी विचारली होती. रांगेत उभं राहणाऱ्यांना कुणी विचारलं?

आवाज दोन मिनिटांत बदलेन हो. पण खरं सांगा, तुम्ही असता तर आधी कॉम्प्युटरपुढे बसला असता, की काकूंच्या दारात गेला असता?