पदराच्या सहा गाठी

काल जालन्याला गेल्तो, दिगूच्या आईला बघायला... तिथून आल्यापासून ताट तसंच झाकून ठेवलंय.

दिगू आणि मी भोकरदनच्या शाळेत मास्तर. त्याची आई दोन महिन्यांपासून जालन्याच्या दवाखान्यात आहे, डॉक्टरांनी कधीच हात टेकले. आमच्या संस्थानात शाळेची सुट्टी शुक्रवारची; दर शुक्रवारी हा मोटर पकडून आईकडे. त्या भेटींवर त्याने एक कविता केली... लोखंडी खाट, औषधाचा वास, आणि आईच्या पदराला चार गाठी.

ही कविता आमच्या साहित्य मंडळाच्या सभेत वाचायचीच, असा मी हट्ट धरला. संस्थानात चार माणसं जमवायची तरी तहसीलची इजाजत लागते; ती मिळाली नेमकी गेल्या शुक्रवारची. दिगू म्हणत होता, आईकडे जायचंय. मी म्हटलं, एक शुक्रवार चुकला तर काय बिघडतं? पुन्हा इजाजत कोण देतो? माझ्या शब्दासाठी थांबला बिचारा.

मी तासभर कवितेचा अर्थ सांगितला. माझी जीभ मेली, एकदा सुटली की सुटली! खाट म्हणजे चिता, आणि चार गाठी म्हणजे धर्म, अर्थ, काम, मोक्ष... टाळ्या थांबेनात. दिगू खाली मान घालून बसलेला. मला वाटलं, लाजला.

काल दिगूबरोबर वॉर्डात गेलो तर म्हातारी डोळे मिटून पडलेली. शनिवारपासून वाचाच गेली म्हणे. आदल्या दिवशी, शुक्रवारी, दिवेलागणीपर्यंत दाराकडेच बघत होती, असं नर्सबाई सांगत होत्या.

पदराला गाठी होत्या. सहा. मी दिगूकडे बघितलं.

"मला सांगायचं इसरू नये म्हणून मारती रे," तो म्हणाला. "मी आलो की एकेक सोडायची अन् एकेक सांगायची. ह्या त्या शुक्रवारच्या राह्यल्या."

मग त्याने एक गाठ तिच्या बोटांत दिली. "माय, ही कशाची गं?"

तिने डोळे उघडले. ओठ हलले, हलतच राहिले... आवाज काही आला नाही. दिगूने पदर नीट तिच्या छातीवर ठेवला, एकही गाठ सोडली नाही.

परतीच्या मोटरीत त्याने मला बोल लावला नाही, हे त्याचे उपकार. लावला असता तर बरं झालं असतं.

आईला काय सांगायचं होतं, हे आता त्याला कधीच कळायचं नाही... तो शुक्रवार मी मागून घेतला होता, टाळ्यांसाठी.